छत्तीस मुलांचं पाळणाघर: जागेच्या मापापासून पहिल्या प्रतीक्षा यादीपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी: जागेचं माप

तळमजला, चटईक्षेत्र २१० चौ.मी. अख्ख्या चटईक्षेत्राला दर मुलामागच्या जागेने भागायचं आणि तेवढे प्रवेश धरून बसायचं, ही चूक इथेच होते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आतल्या वापराच्या जागेचा निकष मुलामागे ३५ चौ. फूट, म्हणजे साधारण ३.२५ चौ.मी. आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ३.५, दोन वर्षांच्यांना २.५ आणि तीन ते पाच वर्षांच्यांना २.३ चौ.मी. लागते. आपण ३.२५ धरलं. २१० ला ३.२५ ने भागलं तर ६४ मुलं येतात. हा आकडा खोटा आहे.

स्वयंपाकघर ११, स्वच्छतागृहं १४, डायपर बदलण्याची जागा ६, कार्यालय ८, ये-जा करायचा बोळ २०, सामानाची खोली ९, कर्मचाऱ्यांची विश्रांतीची खोली ९, धुणं ७. एकूण ८४ वजा. उरले १२६. त्यातून पक्की कपाटं आणि बाळांच्या खाटा यांचे ९ वजा केले की ११७. म्हणजे ३६ मुलं.

विश्रांतीची खोली काढून २ मुलं वाढवता येतील असा विचार झाला. नको. बसायला जागा नसली की जेवणाची सुट्टी मुलांच्याच खोलीत होते, आणि जेवणारी ताई मुलं सांभाळणाऱ्यांच्या मोजणीत धरली जाते. दुपारी एक वाजता खोलीत खरोखर किती हात मोकळे आहेत, हा या कामातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. यापुढचा प्रत्येक निर्णय त्या तासाला लावून बघायचा.

१३ जानेवारी: गट ८, १२, १६

६ ते १८ महिने: ८ बाळं. १८ ते ३६ महिने: १२. ३ ते ५ वर्षं: १६. हे आकडे सहज घेतलेले नाहीत. बाळांच्या खोलीत मूल जास्तीत जास्त १२ महिने राहतं, म्हणजे वर्षाला ८ मुलं पुढे सरकतात. मधल्या खोलीत १८ महिने राहतं. १२ जागा १८ महिन्यांत रिकाम्या होतात, म्हणजे पुन्हा वर्षाला ८. मोठ्यांच्या खोलीत २४ महिने, १६ जागा. तिथेही वर्षाला ८. तिन्ही खोल्यांचा वेग सारखा. गट १२-१२-१२ केले असते तर मधल्या खोलीच्या दाराशी बाळं अडली असती, आणि १८ महिन्यांचं चालणारं मूल रांगणाऱ्यांच्या अंगावरून जात राहिलं असतं.

मात्र हा हिशोब वयं पसरलेली असतील तरच चालतो. आठही बाळं एकाच महिन्यात जन्मलेली घेतली तर आठही एकाच महिन्यात पुढे जायला निघतील. प्रवेश देताना जन्ममहिना बघायचा: दर तीन महिन्यांच्या पट्ट्यात साधारण २ बाळं.

१९ जानेवारी: माणसं किती

प्रमाण ठरवलं: बाळांना आणि मधल्या गटाला एका ताईमागे ४ मुलं, मोठ्यांना एका ताईमागे ८. स्थानिक नियम याहून कडक असेल तर तो लागू. सैल असेल तरी आपलं प्रमाण बदलायचं नाही. एका वेळी २ + ३ + २ = ७ जणी लागतात.

वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०, म्हणजे साडेदहा तास. सकाळी पहिला तास आणि ५ नंतरचा दीड तास मुलं कमी असतात, तेव्हा ४ जणी पुरतात. दिवसाला एकूण ६६ माणूस-तास. एका ताईचे ८ तास. त्यातली ४५ मिनिटं जेवण आणि ३० मिनिटं नोंदी व तयारी वजा केली की मुलांजवळ पावणेसात तास. ६६ ला ६.७५ ने भागून ९.८. म्हणजे १० जणी?

नाही. पाळ्यांचा तक्ता मांडल्यावर १० मध्ये तो बसत नाही. पहिली पाळी ८ ते ४, मधली ९ ते ५, शेवटची १०.३० ते ६.३०. सकाळी ४ हव्यात, म्हणून पहिल्या पाळीत किमान ४. संध्याकाळी ४ हव्यात, म्हणून शेवटच्या पाळीतही किमान ४. ९ वाजता ७ हव्यात, म्हणून पहिली आणि मधली मिळून ७. पहिलीत ४ असतील तर मधलीत ३. एकूण ११. भागाकार १० सांगतो, तक्ता ११ मागतो. भागाकारावर थांबलेल्या केंद्रात ही एक माणूस कुठून येते? केंद्रप्रमुख रोज खोलीत उभी राहते, आणि प्रवेश, तक्रारी, फी ही कामं रात्री घरी नेते.

११ जणी असल्या की १०.३० ते ४ या वेळात ४ जास्तीच्या असतात. जेवणाच्या सुट्ट्या एका वेळी चौघींच्या: ११.४५, १२.३० आणि १.१५. तीन फेऱ्यांत, २ वाजेपर्यंत सगळ्यांची सुट्टी होते आणि प्रमाण एकदाही मोडत नाही. नोंदींचा अर्धा तास २ नंतर. आजारपणासाठी शिवाय २ बदली ताई हव्यात. पहिल्या पाळीतल्या चौघींपैकी एक आली नाही तर ९ पर्यंत ती जागा भरणारं दुसरं कोणी नसतं. केंद्रप्रमुख, स्वयंपाक आणि सफाई हे मोजणीबाहेर.

२ फेब्रुवारी: पैशाचं गणित

एकक: एका मुलाची सरासरी मासिक फी = १. भाडं, पगार, विमा, वीज, देखभाल मिळून स्थिर खर्च २४. जेवण, साबण, हातमोजे, धुणं असा दर मुलामागचा बदलता खर्च ०.१५. म्हणजे प्रत्येक मूल स्थिर खर्चाकडे ०.८५ आणतं. २४ भागिले ०.८५ = २८.२. खर्च भागायला २९ मुलं, म्हणजे ८१ टक्के जागा भरलेल्या.

भरती एका झटक्यात होत नाही आणि करूही नये. १२, १६, २०, २४, २७ अशी महिन्यागणिक वाढ धरली तर पाच महिन्यांची तूट १३.८, १०.४, ७, ३.६ आणि १.०५, मिळून जवळपास ३६ फी. सहाव्या महिन्यात २९ मुलं झाली की गाडी रुळावर. ही ३६ फींची रक्कम, उद्घाटनाआधीच्या महिन्यांचं भाडं आणि प्रशिक्षणाच्या काळाचा पगार, इतकं हातात नसेल तर काम सुरू करू नये. रंगीत भिंती आणि महागडी खेळणी यांत हेच पैसे जातात, आणि तिसऱ्या महिन्यात ताई कमी कराव्या लागतात.

बाळांच्या खोलीत दर मुलामागे मोठ्यांच्या दुप्पट माणसं लागतात. दोन्हींची फी सारखी ठेवली तर बाळांची खोली कायम तोट्यात राहणार. त्यांची फी जास्त ठेवायची, आणि कारण पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगायचं.

४ मार्च: डायपर बदलण्याची जागा

आराखड्यात एकच टेबल होतं. हिशोब: ८ बाळं रोज ५ वेळा, म्हणजे ४०. मधल्या गटात ८ जण डायपरमध्ये, रोज ४ वेळा, म्हणजे ३२. एकूण ७२ वेळा, प्रत्येकी ५ मिनिटं: ६ तास. दिवस साडेदहा तासांचा आहे, त्यामुळे कागदावर एक टेबल पुरतं. पण ही कामं दिवसभर सारखी पसरत नाहीत. दुपारच्या झोपेआधी १६ मुलांचं एकदम येतं: ८० मिनिटं. शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत पहिलं जागं झालेलं असतं. टेबलं दोन केली, प्रत्येक खोलीला एक.

हाताच्या अंतरावर स्वतंत्र बेसिन. त्यात जेवणाचं, दुधाचं काहीही धुवायचं नाही. टेबल भिंतीकडे तोंड करून लावलं होतं, म्हणजे ताईची पाठ बाकीच्या मुलांकडे. फिरवून घेतलं.

क्रम: सगळं सामान आधी काढून ठेवायचं, हातमोजे, मूल आडवं, एक हात कायम मुलावर, पुढून मागे पुसायचं, मळलेलं पायाने उघडणाऱ्या झाकणाच्या डब्यात, मग हातमोजे काढून नवा डायपर. मुलाचे हात धुवायचे, मूल खोलीत सोडायचं. टेबल आधी साबणपाण्याने पुसायचं, नंतर जंतुनाशक. शेवटी स्वतःचे हात २० सेकंद. मळ असलेल्या पृष्ठभागावर थेट जंतुनाशक मारलं तर ते नीट काम करत नाही.

निवडलेल्या जंतुनाशकाच्या बाटलीवर पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहावा असं लिहिलं होतं. दोन मुलांमध्ये १० मिनिटं थांबणं दुपारी शक्य नाही. तिसऱ्या दिवसापासून लोक लगेच पुसायला लागतात. म्हणून १ मिनिटाचं घेतलं. खरेदी करताना किमतीच्या आधी ही वेळ वाचायची. ब्लीच वापरलं तर द्रावण रोज नवं करायचं, आणि आम्ल किंवा अमोनिया असलेल्या कशातही मिसळायचं नाही. विषारी वायू निघतो.

हे काम उरकून टाकण्याचं नाही. हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर बालगृह सुरू केलं, तिथे अंघोळ, कपडे आणि लंगोट बदलणं हीच बाळाशी संवादाची मुख्य वेळ मानली. पाच मिनिटं बाळाला एक माणूस पूर्णपणे मिळतो. त्याला आधी सांगायचं, "आता पाय उचलते हं", आणि मग उचलायचा.

२६ मार्च: पाणी, दारं, रंग

टाकीत पाणी ६० अंशांना ठेवायचं, कारण कोमट साठ्यात लिजिओनेला हे फुप्फुसांचा आजार करणारे जिवाणू वाढतात. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. म्हणून मुलांच्या नळांआधी तापमान राखणारा मिक्सिंग व्हॉल्व. पहिल्या तपासणीत मधल्या खोलीच्या नळाला ५३ अंश आले: त्या नळाची जोडणी व्हॉल्वच्या आधीच्या पाइपवरून झाली होती. पाइप बदलला, आता ४० अंश. हात लावून "बरं वाटतंय" म्हणून सोडायचं नाही. नळ २ मिनिटं सोडून थर्मामीटर धरायचा, महिन्यातून एकदा, नोंद करून.

दारांना बिजागरीच्या बाजूलाही बोटं अडकू नयेत अशी पट्टी. दार आपटणाऱ्या बाजूचीच काळजी घेतली जाते. बिजागरीकडची फट जास्त वाईट, तिथे दाब कितीतरी जास्त असतो. कपाटं सगळी भिंतीला ठोकलेली. पडद्यांना लोंबत्या दोऱ्या नाहीत.

इमारत जुनी, त्यामुळे खिडक्यांच्या चौकटींवरच्या रंगाची शिशासाठी तपासणी. नव्या रंगाचा दाखला मागितला: शिसं ९० पीपीएमच्या (दशलक्षात ९० भागांच्या) आत. जुना रंग कोरडा घासायचा नाही. ती धूळ जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्यांच्या हातातून तोंडात जाते.

२२ एप्रिल: झोप

बाळांच्या खाटा ८. गजांमधलं अंतर ६ सेंमीपेक्षा जास्त नको. गादी कडक, सपाट. गादी आणि कडेमध्ये दोन बोटं जात असतील तर ती गादी परत. सरकत्या बाजूच्या खाटा कुणी दान देत असलं तरी घ्यायच्या नाहीत. अमेरिकेत त्यांच्या विक्रीवर २०११ पासून बंदी आहे, बाजू निसटून बाळं अडकली म्हणून. खाटांत एकमेकींपासून ९० सेंमी.

बाळ पाठीवर. उशी नाही, गोधडी नाही, मऊ खेळणं नाही, कडेला गुंडाळलेलं दुपटं नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळाला पाठीवर झोपवा ही मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. "आमचं पोटावरच झोपतं" असं पालक सांगतात. डॉक्टरांनी लेखी कारण दिलं तरच. आणि हे प्रवेशाच्या आधी स्पष्ट बोलायचं, पहिल्या दिवशी दारात नाही.

दर १० मिनिटांनी प्रत्येक बाळाचा श्वास आणि चेहऱ्याचा रंग बघून वेळ व सही. खोली पूर्ण काळोखी केली तर रंग दिसत नाही, म्हणून पडदे पातळ घेतले. मुलं झोपली की प्रमाण सैल करायचा मोह होतो. बाळांच्या खोलीत दोघी म्हणजे दोघीच.

१८ मे: खेळणी, अंगण

तीन वर्षांखालच्या दोन्ही खोल्यांसाठी तपासणीची नळी: आतला व्यास ३१.७ मिमी. जे तिच्यात पूर्ण मावतं ते खोलीबाहेर. बटण सेल असलेलं खेळणं स्क्रूने बंद नसेल तर केंद्रातच नको. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जाळू शकतो. सुटे चुंबक अजिबात नाहीत.

खुर्च्या मधल्या गटाला १८ ते २० सेंमी उंच, मोठ्यांना २५ ते ३०. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. लोंबते पाय असलेलं मूल जेवताना सारखं उठतं.

अंगणात घसरगुंडीभोवती १.८ मीटर मोकळी, मऊ जमीन. लाकडाच्या चुऱ्याचा थर ३० सेंमी भरला, कारण तो दबून २३ वर येतो. खांबावर रेघ मारली. रेघ दिसली की भर घालायची. ९ ते २३ सेंमीची कुठलीही बंद चौकट धोक्याची: धड जातं, डोकं अडकतं. शिडीच्या दोन पायऱ्यांमधली फट ११ सेंमी निघाली. शिडी परत पाठवली.

१५ जून: नेमणुका आणि प्रशिक्षण

मुलाखतीइतकंच खोलीतल्या दोन तासांना वजन. बघायचं काय? मूल रडलं की ती खाली बसते की वरून बोलते. पूर्वेतिहासाची पडताळणी आणि आधीच्या दोन ठिकाणी फोन, अपवाद नाही.

प्रशिक्षण १० दिवस. प्रथमोपचारात बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं हे बाहुलीवर प्रत्येकीने करून दाखवायचं: ५ थापा पाठीवर, ५ दाब छातीवर. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब देत नाहीत. दूध: फ्रिजमध्ये ४ अंशांना आईचं दूध ४ दिवस, बाटलीवर नाव आणि तारीख. पावडरच्या दुधाची उष्टी बाटली पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभराने फेकायची. मायक्रोवेव्ह नाही; दूध मधेच उकळतं आणि बाटली बाहेरून कोमट लागते. वर्षाखाली मध नाही.

६ जुलै: रंगीत तालीम

मुलांऐवजी वाळूच्या पिशव्या बांधलेल्या बाहुल्या, पूर्ण दिवस. सकाळ सुरळीत. १२.४० ला अडखळलं: जेवणाची ताटं, झोपेच्या चटया आणि डायपरची रांग एकाच वेळी, आणि चौघी सुट्टीवर. बाळांचं जेवण ११.१५ ला आणलं, मधल्या गटाच्या चटया मुलं जेवत असतानाच सुट्टीआधीच्या जोडीने घालायच्या असं ठरलं. पुढच्या दिवशी त्याच वेळेला ५ मिनिटं मोकळी निघाली.

आगीचा सराव मुद्दाम १.१५ ला, सगळे झोपलेले धरून. चाकं लावलेल्या मजबूत खाटेत ४ बाळं, दोन खाटा. बाहेर पडायला ४ मिनिटं १० सेकंद. कारण एकच: हजेरीपट कार्यालयात होता. आता प्रत्येक खोलीच्या दाराशी खुंटीवर. दुसऱ्यांदा २ मिनिटं २५ सेकंद. सराव दर महिन्याला, वेळ बदलून.

२० जुलै: अर्ज

नेणाऱ्यांची यादी फोटोसह. यादीत नसलेल्याला मूल द्यायचं नाही, मुलाने हाक मारली तरी नाही. ॲलर्जी, औषधं, लसीकरण. औषध मूळ बाटलीत, लेखी परवानगीने, देताना दोघींच्या सह्या. मूल ठरल्या वेळेनंतर ३० मिनिटांत आलं नाही आणि निरोपही नसेल तर फोन करायचाच. झोपलेलं बाळ गाडीच्या मागच्या सीटवर विसरण्याचे प्रकार घडतात, आणि बंद गाडीत वेळ फार थोडा असतो.

३ ऑगस्ट: दार उघडलं

आठवड्याला ४ मुलं, तीन आठवड्यांत १२. एकदम १२ घेतली तर बाराही रडतात आणि कुणालाच मांडी मिळत नाही. सुमारे ८ ते १८ महिन्यांत दुराव्याची भीती तीव्र असते, म्हणून बाळांच्या खोलीत आठवड्याला दोनच.

पहिला दिवस: एक तास, पालक खोलीतच. दुसरा: पालक सांगून २० मिनिटं बाहेर. तिसरा: दोन तास. चौथा: जेवणापर्यंत. पाचवा: झोपेसह. प्रत्येक मुलाची एक ठरलेली ताई. खाऊ घालणं, झोपवणं, बदलणं शक्यतो तीच. चोरपावलांनी निघून जायचं नाही हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. न सांगता गेलेल्या आईचं मूल दुसऱ्या दिवशी दाराकडेच बघत बसतं. निरोप घेतलेलं मूल मोठ्याने रडतं, पण लवकर शांत होतं.

१४ सप्टेंबर: आजार

१६ मुलं झाली. मधल्या गटात जुलाबाची साथ, ५ मुलं. पाण्याच्या खेळाचा एकच मोठा टब कारण असावा. आता प्रत्येकाला वेगळं घमेलं. घरी ठेवण्याचे नियम दारावर लावले: ३८ अंशांवर ताप आणि मूल मलूल, २४ तासांत दोन उलट्या, डायपरमध्ये न मावणारे जुलाब, कांजिण्यांत सगळ्या खपल्या धरेपर्यंत. साधी सर्दी चालेल. सर्दीवर घरी पाठवलं तर केंद्र अर्धं वर्ष रिकामं राहील.

१६ नोव्हेंबर: नववं बाळ

एकूण २३, योजनेत २४ होती. बाळं ८, मधली ९, मोठी ६. बाळांची खोली सर्वात आधी भरली. हीच सर्वात खर्चाची, त्यामुळे तूट अंदाजापेक्षा थोडी जास्त. मोठ्यांच्या खोलीत आठव्या मुलापर्यंत एक ताई कमी ठेवता आली असती, पण मग दुपारच्या सुट्टीत ती खोली एकटीवर पडते. कमी ठेवलेली नाही.

नवव्या बाळासाठी चौकशी, ७ महिन्यांचं, पालकांची फार निकड. एक खाट मावेल. पण नववं बाळ म्हणजे तिसरी ताई, साडेदहा तास, किंवा मग दोघींवर ९ आणि दुपारी एक वाजता बदलण्याच्या टेबलापाशी एक, खोलीत आठांना एक. प्रतीक्षा यादीत पहिला क्रमांक दिला. सर्वात मोठं बाळ २ डिसेंबरला १८ महिन्यांचं होतं. मधल्या खोलीत त्याच्या आठवडाभराच्या भेटी २५ नोव्हेंबरपासून, रोज एक तास, त्याच्या ताईसह. नव्या बाळाचा पहिला तास ३ डिसेंबरला, सकाळी १० वाजता.